जुन्या हार्ड डिस्क आणि फ्लॉपी ड्राइव्हचे आवाज : कोणता नेहमीचा, कोणता धोक्याचा?

ठाकूरद्वार (धागाकर्ता)

गिरगावातील आमच्या घरच्या मुद्रणालयाचा अक्षरजुळणी विभाग आता बंद होत असून, तिथल्या लोखंडी कपाटात साठलेल्या हार्ड डिस्क, फ्लॉपी आणि झिप (फ्लॉपीहून अधिक क्षमतेच्या, काढता-घालता येणाऱ्या) डिस्कांतील मजकूर जमेल तेवढा वाचवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. सर्वांत जुना पीसी १९८०च्या दशकाच्या अखेरचा, तर सर्वांत नवा २००४च्या सुमाराचा आहे. दिवाळी अंकांची पाने, संस्थांचे वार्षिक अहवाल, स्मरणिका असे बरेच काही त्यांत आहे आणि त्यातले पुष्कळसे अन्यत्र कुठेही उपलब्ध नाही. एकेक यंत्र सुरू करू लागल्यावर जाणवले की प्रत्येकाचा आवाज निराळा आहे, आणि कोणत्या आवाजाला घाबरायचे हे आधीच ठाऊक असेल तर मजकूर हाती लागण्याची शक्यता वाढेल. आठवणींचे धागे संस्थळावर पुष्कळ आहेत. हा धागा आवाज आणि त्यामागचे कारण एवढ्यापुरता ठेवावा, अशी विनंती आहे.

सुरुवात मीच करतो. सर्वांत जुन्या पीसीत सीगेटची एसटी-२२५ ही वीस मेगाबाइटची डिस्क आहे. तिचे मिनिटाला ३६०० फेरे होतात, तिच्यात ६१५ सिलिंडर (म्हणजे हेड थांबण्याच्या जागा) आहेत आणि हेड, म्हणजे फिरत्या तबकडीवर मजकूर लिहिणारा-वाचणारा भाग, हलवण्यासाठी स्टेपर मोटर आहे. स्टेपर मोटर सलग फिरत नाही, ठरावीक टप्प्यांनी फिरते, आणि हे टप्पे कानाला ऐकू येतात. शेजारच्या ट्रॅकवर (तबकडीवरील वर्तुळाकार पट्ट्यावर) जाताना बारीक ‘टिक्’ होते. लांबचा पल्ला असेल तर टप्पे इतक्या भराभर पडतात की त्यांचा ‘ट्रर्र’ असा एकच सूर होतो. फाइल डिस्कवर सलग लिहिलेली असेल तर ठरावीक अंतराने एखादीच टिक् येते, आणि तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेली असेल तर हेडची नुसती धावपळ ऐकू येते. आमच्याकडचे जुने ऑपरेटर पडद्याकडे न पाहता, फाइल उघडून झाली की नाही, हे नुसत्या आवाजावरून सांगत असत. त्यात विशेष चमत्कार काही नव्हता. यंत्र खरोखरच तेवढे बोलत होते.

माझे दोन प्रश्न आहेत. ही डिस्क सुरू केल्यावर काही वेळ कर्कश चिरकते आणि मग शांत होते. हे बेअरिंग गेल्याचे लक्षण आहे काय? दुसऱ्या एका डिस्कला वीज मिळते, दिवा लागतो, पण फिरण्याचा आवाजच येत नाही, केवळ मधूनमधून क्षीण ‘हुं’ असे होते. तिचे काय करावे?

प्रॉक्टर रोड

लॅमिंग्टन रोडच्या परिसरात बराच काळ दुरुस्तीचे काम केले असल्याने दोन्ही प्रश्नांवर लिहितो.

चिरकण्याचे कारण बहुधा बेअरिंग नसते. त्या पिढीच्या डिस्कांच्या तळाशी, छापील सर्किट बोर्डाच्या बाजूला, स्पिंडलच्या (तबकड्यांच्या आसाच्या) टोकाला टेकलेली एक पातळ धातूची पट्टी असते. फिरणाऱ्या तबकड्यांवर साठणारा स्थिर विद्युतभार तिच्यामार्गे सांगाड्यात उतरतो. वर्षानुवर्षे एकाच जागी घासून पट्टीच्या टोकाला खळगा पडतो, पट्टी थरथरू लागते आणि किंचाळल्यासारखा आवाज येतो. आम्ही पट्टीच्या पाठीवर रबराचा किंवा फोमचा लहानसा तुकडा चिकटवत असू. थरथर दबली की आवाज थांबतो. पट्टी कापून टाकणारेही होते, परंतु तिला काम आहे म्हणूनच ती तिथे आहे, तेव्हा ते करू नये. तेल तर मुळीच घालू नये. पट्टीला हात लावूनही आवाज तसाच राहिला, आणि डिस्क तापेल तसा वाढत गेला, तरच बेअरिंगवर संशय घ्यावा.

दुसरी डिस्क चिकटलेली आहे. जुन्या रचनेत वीज गेली की हेड तबकडीवरच उतरतात आणि तिथेच विसावतात. हेडचा तळ आणि तबकडी दोन्ही अत्यंत गुळगुळीत असतात. मध्ये वंगणाचा सूक्ष्म थर आणि त्यात आपल्याकडची दमट हवा यांमुळे ते एकमेकांना असे धरून बसतात की मोटरला पहिला हिसका देता येत नाही. आपण ऐकता तो ‘हुं’ म्हणजे मोटरचा तो निष्फळ प्रयत्न होय. लांबलेल्या गणपतीच्या किंवा दिवाळीच्या सुटीनंतर दुकानात येणाऱ्या डिस्कांत हा प्रकार नेहमीचा असे. पुढच्या काळात हेड उतरण्याची जागा लेसरने मुद्दाम खडबडीत करण्यात आली, आणि नंतर हेड तबकडीबाहेरच्या उतरंडीवर ठेवण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा हे दुखणे जवळजवळ संपले.

उपाय असा : केबल जोडलेली असताना डिस्क हातात आडवी धरावी, वीज द्यावी, आणि तबकड्यांच्या अक्षाभोवती मनगटाने एक झटकन पीळ द्यावा. ठोकू नये, आपटू नये, वर-खाली हलवू नये. तबकड्या सुटल्या की घरघर चढत जाते आणि स्थिरावते. मात्र ही शेवटची संधी समजून, पूर्ण नक्कल होईपर्यंत वीज बंद करू नये, कारण थांबलेली डिस्क पुन्हा चिकटते. दुसरी, रिकामी डिस्क आधी जोडून तयार ठेवावी आणि मगच हा खटाटोप करावा.

सेक्टर शून्य

फ्लॉपीच्या आवाजांबद्दल लिहितो, कारण आपल्या कपाटात त्याच सर्वांत अधिक असतील.

सव्वापाच इंची ३६० किलोबाइटची आणि साडेतीन इंची १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे फिरते, म्हणजे सेकंदाला पाच, १.२ मेगाबाइटच्या ड्राइव्हमध्ये ३६० फेरे होतात. फिरताना येणारा मऊ ‘खस्स खस्स’ हा आतील कापडी अस्तराचा आवाज असून तो निर्धोक आहे. पीसी सुरू होताना ड्राइव्ह एकदा ‘कर्रर्र’ करतो, तेव्हा हेड शून्य क्रमांकाच्या ट्रॅकपर्यंत मागे नेऊन पाहिले जात असते. पुष्कळ बायोसमध्ये (पीसी सुरू करणाऱ्या मूळ आज्ञावलीत) ही तपासणी बंद करण्याची सोय होती. ड्राइव्ह चाळीस ट्रॅकचा आहे की ऐंशीचा, हे तिच्यातून कळत असे.

घाबरवणारा पण निरुपद्रवी आवाज ऐकायचा असेल तर अ‍ॅपल टूचा डिस्क टू हा ड्राइव्ह ऐकावा. स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक यांनी १९७८मध्ये त्याची रचना करताना खर्च वाचवण्यासाठी इतके भाग वगळले की शून्य ट्रॅक ओळखणारा संवेदकही उरला नाही. हेड नेमके कुठे आहे हे यंत्राला ठाऊकच नसल्याने, ते सरळ टोकाच्या अडथळ्यावर आपटेल इतके टप्पे मागे सरकवायचे आणि तिथून मोजायला लागायचे, अशी युक्ती होती. सुरू होतानाची ती खडखड म्हणजे बिघाड नव्हे, ती रचनाच होय. कमोडोरच्या १५४१ ड्राइव्हमध्येही हेच होते. तिथे मात्र वारंवार आपटून हेडची जुळणी बिघडत असे, आणि नक्कल रोखण्यासाठी मुद्दाम चुकीचे सेक्टर (ट्रॅकचे तुकडे) ठेवलेले खेळ ही आपटाआपट आणखी वाढवत.

आता खरा धोका. मुंबईत कपाटात राहिलेल्या फ्लॉपीला बुरशी येते. फ्लॉपी घालण्यापूर्वी साडेतीन इंचीची धातूची झडप सरकवून, अथवा सव्वापाच इंचीच्या लांबट खिडकीतून, चकती हाताने हळूहळू फिरवत उजेडात तिरपी धरून पाहावी. पांढुरके, जाळीदार ठिपके दिसले तर ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नये. फ्लॉपीत हेड चकतीला प्रत्यक्ष टेकलेले असते. बुरशी आणि सुटलेला चुंबकीय लेप हेडला चिकटतो आणि तेच हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडे काढते. मऊ खसखशीच्या जागी कोरडी ‘खर्र’ ऐकू आली की त्या क्षणी फ्लॉपी काढावी, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे, आणि मगच दुसरी घालावी. एका बुरसटलेल्या फ्लॉपीमागून अख्खा खोका नासवणारे लोक मी पाहिले आहेत.

मालाड पश्चिम

माझ्याकडे १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धातील एक डिस्क आहे. काहीही काम चालू नसताना ती दर काही मिनिटांनी ‘ठक्-टर्र’ असा आवाज करते आणि पुन्हा गप्प होते. मजकूर व्यवस्थित वाचला जातो. ही मरणासन्न आहे काय?

सेक्टर शून्य

मजकूर बिनचूक वाचला जात असेल तर ती बहुधा तापमानानुसार स्वतःची जुळणी करत आहे. त्या काळातील अनेक डिस्कांत एका तबकडीचा एक पूर्ण पृष्ठभाग केवळ हेडला जागा दाखवणाऱ्या खुणांसाठी राखलेला असे, आणि बाकीची हेड त्या एका हेडच्या भरवशावर चालत. यंत्र तापले की धातू प्रसरण पावतो, वरचे हेड आणि खालचे हेड एका रेषेत राहत नाहीत, म्हणून मधूनमधून सर्व हेडचे विचलन मोजून नोंदवावे लागे. चित्रफीत किंवा ध्वनिमुद्रण थेट डिस्कवर उतरवणाऱ्यांना त्या क्षणभराच्या खंडाचा जाच होई, आणि त्यांच्यासाठी हा खंड टाळणाऱ्या ‘एव्ही’ डिस्क वेगळ्या विकल्या जात. पुढे जागेच्या खुणा प्रत्येक ट्रॅकवरच मजकुराच्या अधेमधे लिहिल्या जाऊ लागल्या आणि हा आवाज नाहीसा झाला.

पांढरी सात

मी संगणकातला जाणकार नाही, संवादिनी शिकवतो. पण या धाग्यात सुराचा हिशेब राहून गेला आहे.

मिनिटाला ३६०० फेरे म्हणजे सेकंदाला ६०, ५४०० म्हणजे ९०, आणि ७२०० म्हणजे १२०. यांचे परस्पर प्रमाण पाहिले तर गंमत दिसते : ३६०० फेऱ्यांच्या डिस्कचा सूर षड्ज मानला, तर ५४०० फेऱ्यांची डिस्क नेमकी पंचमावर आहे आणि ७२०० फेऱ्यांची तार षड्जावर. पट्टीच सांगायची तर १२० हर्ट्झ हा सूर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या जवळजवळ मधोमध पडतो, त्यामुळे पेटीच्या कोणत्याच पट्टीशी त्याचे जमत नाही. घरी रियाजाच्या खोलीत संगणक ठेवू नये असे मी म्हणतो, त्याचे कारण हेच.

दोन ७२०० फेऱ्यांच्या डिस्क एकाच डब्यात असतील तर त्यांचे फेरे तंतोतंत सारखे नसतात. हजारात एकाचा फरक असला तरी साधारण आठ सेकंदांनी एकदा गुंजन फुगते आणि ओसरते. न जुळलेल्या दोन तारांतही हेच घडते. तो आवाज बिघाडाचा नव्हे, दोन यंत्रांतील बेबनावाचा आहे.

वेगवान

पांढरी सात यांचा हिशेब आवडला. एक पुरवणी जोडतो : १२० हर्ट्झचे हे गुंजन मुख्यतः तबकड्यांच्या किंचित असंतुलनामुळे येते आणि ते कानापेक्षा टेबलावर ठेवलेल्या हाताला अधिक जाणवते, जी तीक्ष्ण शीळ ऐकू येते ती बेअरिंगमधील गोळ्यांची आणि मोटरच्या गुंडाळ्यांची असते. सीगेटच्या बाराकुडा मालिकेने १९९२मध्ये ७२०० फेरे आणले, चीताने १९९६मध्ये १०,००० आणि २०००मध्ये १५,०००. ज्यांनी अशा डिस्कांनी भरलेल्या सर्व्हरच्या खोलीत काम केले आहे, त्यांना ती शीळ घरी गेल्यावरही ऐकू येत असे. २००१च्या आसपास गोळ्यांच्या जागी द्रवाच्या थरावर फिरणारी बेअरिंग घरगुती डिस्कांत आली आणि शीळ एकाएकी ओसरली. हेडची खडखड कमी करण्यासाठीही एटीए या डिस्क-जोडणीच्या प्रमाणात सोय झाली होती : १२८ हा आकडा दिला तर आर्म (हेड धरणारा दांडा) सावकाश आणि शांत हलत असे, २५४ दिला तर वेगाने आणि गोंगाट करत.

आवाज डिस्कमधून बाहेर येतो तसा बाहेरून आतही जातो, हेही नोंदवण्यासारखे आहे. २००८मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सचे ब्रेंडन ग्रेग यांनी डिस्कांच्या मांडणीसमोर चक्क ओरडून दाखवले, आणि त्या ओरडण्याने वाचन-लेखनाचा विलंब वाढल्याचे आलेखावर स्पष्ट दिसले. २०१६मध्ये बुखारेस्टमधील आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवणारी वायुयंत्रणा चाचणीसाठी चालवली गेली. वायू बाहेर पडतानाच्या प्रचंड आवाजाने डिस्क बिघडल्या आणि सेवा कित्येक तास बंद राहिली. मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी २०२२मध्ये सांगितलेला किस्सा तर अजबच आहे : एका लोकप्रिय गाण्यातील विशिष्ट कंप्रतेमुळे ५४०० फेऱ्यांच्या काही लॅपटॉप डिस्क अनुनादित होऊन बंद पडत, आणि गाणे शेजारच्या लॅपटॉपवर वाजले तरी तेच घडे. उत्पादकाने अखेर ती कंप्रता गाळणारी चाळणी ध्वनियंत्रणेतच बसवली.

ओले गाव

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या वेळी तळमजल्यावरील आमच्या कार्यालयात टेबलाच्या उंचीपर्यंत पाणी होते. त्या डिस्क अजून जपून ठेवल्या आहेत. त्या कोरड्या आहेत, तेव्हा एकदा सुरू करून आवाज ऐकायला हरकत नसावी ना? शिवाय टकटक करणारी डिस्क फ्रीजमध्ये ठेवावी, असे पूर्वी कोणीतरी सांगितले होते.

प्रॉक्टर रोड

कृपया सुरू करू नयेत. हार्ड डिस्क हवाबंद असते हा सार्वत्रिक गैरसमज आहे. हेलियम भरलेल्या अलीकडच्या डिस्क वगळता बहुतेक सर्व डिस्कांना श्वास घेण्यासाठी बारीक भोक असते, त्यामागे गाळणी असते, आणि भोक झाकू नये असे वर छापलेलेही असते. बाहेरच्या आणि आतल्या हवेचा दाब सारखा राहावा, यासाठी ते असते. पाण्यात बुडालेल्या डिस्कमध्ये त्या वाटेने पाणी जाते आणि वाळले की गाळ तबकडीवर उरतो. हेड तबकडीपासून धुळीच्या कणाहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगते. त्या गाळावरून ते एकदा फिरले की आवाज ऐकायला मिळेल, मजकूर मिळणार नाही. खरे तर पुरातून काढलेली डिस्क वाळवायचीच नसते. ओलसर असतानाच पिशवीत बंद करून प्रयोगशाळेत न्यायची असते. आता ती वेळ गेली असली तरी स्वच्छ कक्षात तबकड्या धुऊन वाचण्याची शक्यता शिल्लक असते, आणि घरी वीज दिली की तीही संपते.

फ्रीजचा उपाय मुंबईत तरी कोणी करू नये. थंडगार डिस्क इथल्या हवेत बाहेर काढली की तिला घाम फुटतो, आणि तो त्याच भोकातून आतही फुटतो.

याच विषयावरून आठवले, म्हणून अवांतर : खंडेनवमीला संगणकापुढे उदबत्ती लावणाऱ्या कार्यालयांत हार्ड डिस्क क्वचितच बिघडत, कारण गाळणी आपले काम करते, फ्लॉपी ड्राइव्ह मात्र उघडाच असल्याने त्याच्या हेडवर काजळी बसे, आणि दसऱ्यानंतर हेड साफ करण्याची कामे हमखास येत. मी तक्रार करत नाही, तेवढीच मिळकत होत असे.

ठाकूरद्वार (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. चिकटलेली डिस्क प्रॉक्टर रोड यांनी सांगितल्याप्रमाणे पीळ देताच सुटली आणि तिची पूर्ण नक्कल झाली. पट्टीवर फोम लावल्यावर एसटी-२२५ही चिरकायची थांबली आहे.

आता २००२च्या सुमाराच्या एका डिस्कबद्दल विचारतो. सुरू केल्यावर तबकड्या नीट वेग घेतात, मग ‘टक्... टक्... टक्...’ असे सारख्या अंतराने होते, आणि थोड्या वेळाने तबकड्या आपोआप थांबतात. मी लगेच वीज काढली आहे. झिप डिस्कही बऱ्याच आहेत आणि त्यांचा ड्राइव्ह शेजारच्या कार्यालयाकडून उसना मिळणार आहे.

प्रॉक्टर रोड

वीज काढलीत हे उत्तम केलेत. व्हॉइस कॉइलच्या (चुंबकातील गुंडाळीने आर्म हलवणाऱ्या) डिस्कमध्ये स्टेपरसारखे मोजून टप्पे नसतात. तबकडीवरच्या खुणा वाचतच आर्मला आपली जागा कळते. हेड किंवा त्याचा प्रवर्धक निकामी झाला की खुणा वाचता येत नाहीत, आर्म एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झुलतो, अडथळ्याला लागतो, परत येतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. तीच ही टकटक. प्रत्येक प्रयत्नात जखमी हेड तबकडी खरवडत असण्याची शक्यता असते. अशी डिस्क पुन्हा सुरू करायची नाही, उघडायची नाही. मजकूर तेवढ्या मोलाचा असेल तर हेड बदलणाऱ्या प्रयोगशाळेत द्यावी. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचा सर्किट बोर्ड लावून पाहण्याचा सल्ला कोणी देईल. तो बोर्डच्या बिघाडावरचा उपाय आहे, या आवाजावरचा नव्हे. शिवाय या काळातल्या पुष्कळ डिस्कांत हेडच्या जुळणीचे आकडे बोर्डावरील चिपमध्ये असतात, ती चिप काढून दुसऱ्या बोर्डावर बसवावी लागते.

सेक्टर शून्य

झिपसाठी एक सूचना. आयोमेगाच्या झिप ड्राइव्हची ‘क्लिक ऑफ डेथ’ इतकी गाजली की अमेरिकेत १९९८मध्ये त्यावरून सामूहिक दावा दाखल झाला. तिचा वाईट भाग असा की ती संसर्गजन्य ठरू शकते : जागेवरून सरकलेले हेड डिस्कची कड फाडते, आणि ती फाटकी कड दुसऱ्या ड्राइव्हमध्ये गेल्यावर तिथले हेड ओढून नेते. उसन्या ड्राइव्हमध्ये पहिली डिस्क अशी घालावी की जी गेली तरी चालेल. ती टकटक न करता वाचली गेली तरच पुढची घालावी. प्रत्येक डिस्कची झडप सरकवून कड आधी पाहून घ्यावी, म्हणजे शेजारच्यांचा ड्राइव्हही सुखरूप परत जाईल.

प्रॉक्टर रोड

एसटी-२२५विषयी राहिलेले एक सांगतो. ती डिस्क काढून आजच्या संगणकाला जोडता येणार नाही, आणि दुसऱ्या जुन्या पीसीत बसवली तरी वाचली जाईल याची खात्री नाही, कारण त्या काळी ट्रॅकवर सेक्टर आखण्याची कंट्रोलर कार्डांची (डिस्क चालवणाऱ्या कार्डांची) रीत एकसारखी नव्हती. ज्या कार्डाने आखणी केली त्याच कार्डाने वाचावे. तसेच पीसी हलवण्यापूर्वी पार्क करण्याचा (हेड सुरक्षित जागी नेण्याचा) आदेश द्यायला विसरू नये. व्हॉइस कॉइलच्या डिस्कांत वीज गेली तरी आर्म आपोआप सुरक्षित जागी जातो. स्टेपरवाल्या या डिस्कचे हेड जिथे असेल तिथेच, मजकुरावर, उतरते.

ठाकूरद्वार (धागाकर्ता)

मूळ कार्ड त्याच पीसीत आहे, आणि पार्कचा आदेशही त्याच डिस्कवर सापडला. फ्लॉपी ड्राइव्ह मात्र बिघडला आहे, त्यामुळे नक्कल बाहेर काढायची कशी, हा प्रश्न आहे.

प्रॉक्टर रोड

सीरियल पोर्ट असेलच. दोन संगणक त्या पोर्टने थेट जोडणारी नल मोडेम केबल माझ्याकडे आहे. वीस मेगाबाइट जायला काही तास लागतील, पण जातील. पीसी पार्क करून, आडवा ठेवून टॅक्सीने आणावा.

ठाकूरद्वार (धागाकर्ता)

शनिवारी आणतो. पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवावा.